कॉम्प्युटर फास्ट आहे, मग आवाज का तुटतो? यूएसबी ऑडिओ इंटरफेसचं दुखणं, सोप्या भाषेत

माइक चांगला, इंटरफेस नवा, कॉम्प्युटर दणकट, आणि तरी रेकॉर्डिंग ऐकताना मध्येच ‘टक्’. कधी शब्दातलं एखादं अक्षर गायब, कधी चार-पाच सेकंद आवाज रोबोटिक होऊन खरखरतो, कधी एकदम शांतता आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरू. पॉडकास्ट, व्हॉइसओव्हर, गाणी, ऑनलाइन क्लास हे सगळं घरून करणारे वाढले तसा हा प्रश्न पण घरोघरी पोचलाय, आणि त्यावर मिळणारे सल्ले ऐकले तर डोकं गरगरतं. बफर वाढवा, वायफाय बंद करा, केबल बदला, विंडोज परत टाका, नाहीतर सरळ मॅक घ्या. यातला प्रत्येक सल्ला कुणाला ना कुणाला लागू पडलेला असतो म्हणून तो फिरत राहतो, पण तुमचं दुखणं तेच आहे का हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज तुटला म्हणून कॉम्प्युटर स्लो आहे असं धरून चालू नका. तो बहुतेक वेळा पुरेसा फास्टच असतो, फक्त एखाद्या क्षणी वेळ चुकवतो. ती वेळ नेमकं कोण चुकवतंय हे शोधता येतं, आणि ते कळलं की उपाय सहसा फुकटातला निघतो.

इंटरफेस म्हणजे तो छोटा डबा, ज्याला एका बाजूने माइक, गिटार, हेडफोन लागतात आणि दुसऱ्या बाजूने एक यूएसबी केबल कॉम्प्युटरला जाते. आवाजाचे आकडे करणं आणि आकड्यांचा परत आवाज करणं, हे त्याचं काम.

आधी बघा, आवाज खरंच तुटतोय का

सतत येणारी ‘घूं’ किंवा ‘झझझ’, माउस हलवला की बारीक किरकिर, लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब होणारा गोंगाट, हे सगळं अर्थिंगचं आणि विजेचं प्रकरण असतं, त्याचा या लेखाशी संबंध नाही. मोठ्याने बोललं की आवाज फाटतो आणि इंटरफेसवर लाल लाइट लागतो, तर गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचा नॉब, जास्त आहे, तो कमी करा, विषय संपला. ड्रॉपआउट म्हणजे आवाजाच्या आकड्यांचा एखादा तुकडाच हरवणं.

ओळखायचं कसं? ज्या जागी ‘टक्’ ऐकू आलं तिथे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये भरपूर झूम करा. नॉर्मल आवाजाची रेघ वळणं घेत जाते, तुटलेल्या जागी ती एकदम उभी उडी मारते नाहीतर मध्येच एक सपाट पट्टी दिसते, आणि हे एकदा डोळ्याने बघितलं की परत चुकायला होत नाही. मग तीच जागा तीन-चार वेळा वाजवून बघा. दर वेळी ‘टक्’ तिथेच येत असेल तर तो फाइलमध्येच बसलाय, म्हणजे रेकॉर्ड होताना गडबड झाली. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, किंवा कधी येतो कधी नाही, तर फाइल चांगली आहे आणि वाजवताना गडबड होतेय. दुसऱ्या प्रकारात गाणं एक्सपोर्ट केलं तर तयार फाइलमध्ये तो ‘टक्’ सापडणारच नाही. असं का, ते पुढे येईलच.

एवढ्या एका टेस्टने अर्धी शोधाशोध वाचते, आणि तरी बरेच लोक ती न करताच सेटिंग फिरवायला बसतात.

आत नेमकं काय चालतं

इंटरफेस सेकंदाला साधारण ४८,००० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजतो. प्रत्येक मोजमापाला सॅम्पल म्हणतात आणि सेकंदाला किती वेळा मोजलं त्याला सॅम्पल रेट. गाण्यांच्या दुनियेत ४४,१००, व्हिडिओत ४८,०००, हे दोन आकडे तुम्हाला सगळीकडे दिसतील. हे मोजणं इंटरफेसच्या स्वतःच्या घड्याळावर चालतं आणि ते घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

कॉम्प्युटर मात्र एकेक सॅम्पल हाताळत बसत नाही. तो त्यांचे गट करतो, १२८ चा, २५६ चा वगैरे. या गटाच्या जागेला बफर म्हणतात. इथे पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. खाली नळ सतत चालू आहे आणि धार अजिबात तुटता कामा नये, तो नळ म्हणजे इंटरफेस. वरून एक माणूस बादलीने पाणी ओततोय, तो म्हणजे तुमचा कॉम्प्युटर. माणूस कितीही ताकदवान असू दे, दोन मिनिटं कुणाशी बोलायला गेला आणि तेवढ्यात टाकी रिकामी झाली की धार तुटणार, आणि नंतर येऊन त्याने दहा बादल्या ओतल्या तरी तुटलेली धार काही जोडली जात नाही. टाकी मोठी असेल तर त्याचं असं दोन मिनिटं जाणं कुणाला कळतही नाही.

आता आकडे बघा. ४८,००० सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे दर २.७ मिलिसेकंदांनी कॉम्प्युटरने पुढचा गट तयार करून द्यायलाच हवा, सेकंदाला ३७५ वेळा, तासाला साडेतेरा लाख वेळा, आणि त्यात एकदा जरी चुकला तरी तुम्हाला ‘टक्’ ऐकू येणार. ६४ च्या बफरला ही मुदत १.३ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३.

एक्सपोर्ट करताना ‘टक्’ का येत नाही हे आता लक्षात आलं असेल. तिथे नळच बंद असतो. कॉम्प्युटर आपल्या सवडीने हिशोब करतो आणि फाइलमध्ये लिहितो, मुदत नावाची भानगडच नाही.

मग बफर १०२४ वर ठेवून मोकळं व्हायचं ना?

मिक्सिंग, एडिटिंग, नुसतं ऐकणं चालू असेल तर खुशाल ठेवा. उगाच ६४ वर ठेवून ‘माझी सिस्टिम ६४ वर चालते’ असं मिरवण्यात काही अर्थ नाही.

अडचण येते ती गाताना किंवा वाजवताना स्वतःला हेडफोनमध्ये ऐकायचं असतं तेव्हा. टाकी जेवढी मोठी तेवढं आत्ता ओतलेलं पाणी नळातून उशिरा बाहेर येणार. या उशिराला लॅटन्सी म्हणतात. आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक बफर, वर इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा (कॉम्प्युटरला एखादं उपकरण चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) थोडा वेळ, म्हणजे २५६ ला सुद्धा तुमचा आवाज तुमच्या कानात यायला १०.७ पेक्षा जास्तच मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा दहा मिलिसेकंद म्हणजे स्पीकर साडेतीन मीटरवर ठेवल्यासारखं झालं. कीबोर्ड वाजवणाऱ्याला हे चालून जातं. गाणाऱ्याला खटकतं, कारण त्याला स्वतःचा आवाज हाडांमधून लगेच ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला मागून येतो.

यावर सोपी पळवाट बहुतेक इंटरफेसवरच असते. डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा नॉब बघा. ते चालू केलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता डब्यातूनच थेट हेडफोनला जातो, मग बफर ५१२ असो की १०२४, गाणाऱ्याला फरक पडत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर आवाज दोनदा येतो. व्हॉइसओव्हर आणि पॉडकास्टवाल्यांनी तर दुसरं काही करायच्या आधी हेच करावं.

आणि एक खूण लक्षात ठेवा. बफर १०२४ केला, प्रोजेक्टमध्ये दोनच ट्रॅक आहेत, एकही प्लगइन (आवाजावर इफेक्ट लावणारा जोड-प्रोग्रॅम) नाही आणि तरी आवाज तुटतोय, तर बफरचा नाद सोडा. दुखणं दुसरीकडे आहे.

‘पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्केच दिसतोय!’

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि तो रास्त आहे. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या काम करणाऱ्या भागांची मिळून, सेकंदभराची सरासरी दाखवतो. आपल्याला मुदत आहे ५ मिलिसेकंदांची. हजार मिलिसेकंदांपैकी ९८० आरामात बसून काढले आणि २० मिलिसेकंद कॉम्प्युटर जागेवरच नव्हता, तर सरासरीत ते दिसत पण नाही, कानाला मात्र बरोबर कळतं. शिवाय एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेले प्लगइन सहसा एकाच कोअरवर चालतात, कारण पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरू करता येत नाही. सोळा कोअरपैकी एक कोअर घामाघूम आणि बाकीचे पंधरा गप्पा मारतायत असं अगदी होऊ शकतं. म्हणून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर बघा, तो मुदतीच्या हिशोबाने दाखवतो. तो मीटर लालला टेकत असेल तर जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा आवाज एकदाच तयार होऊन राहतो आणि दर वेळी नव्याने हिशोब होत नाही.

‘मग यूट्यूब कसं न तुटता चालतं? गेम कसे चालतात?’ यूट्यूब कित्येक सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतं, त्याची टाकी अवाढव्य आहे. गेममध्ये एखादी फ्रेम उशिरा आली तर डोळा चालवून घेतो. कान चालवून घेत नाही, त्याला अर्ध्या मिलिसेकंदाची फट पण ‘टक्’ म्हणून ऐकू येते.

आता दुसरी शक्यता, सॉफ्टवेअरचा मीटर पण खालीच आहे आणि तरी तुटतंय. तेव्हा बघायचं की बादली ओतणाऱ्याला मधून मधून कोण हाक मारतंय. कॉम्प्युटरमध्ये वायफाय, ग्राफिक्स कार्ड, ब्लूटूथ, बॅटरी, डिस्क असे सगळे जण सारखे प्रोसेसरला ‘माझं जरा बघ’ म्हणत असतात आणि विंडोज अशा वेळी हातातलं काम बाजूला ठेवून आधी त्यांचं ऐकतं. या तातडीच्या कामाला डीपीसी म्हणतात. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलंय की अशा एका कामाला १०० मायक्रोसेकंदांपेक्षा, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा, जास्त वेळ घेऊ नका. सगळे ऐकतात असं नाही. एखादा ड्रायव्हर अधूनमधून दोन-तीन मिलिसेकंद अडवून बसतो, आणि १२८ च्या बफरला तेवढं पुरतं.

हे पकडायला विंडोजवर लॅटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे. बाकी सगळं बंद करून तो दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि मग त्याचा ड्रायव्हर्सचा टॅब उघडून सगळ्यात जास्त वेळ घेणारा कोण ते बघा. नावं उच्चारायला पण जड असतात. एनडीआयएस वर दिसलं तर नेटवर्क, म्हणजे बहुतेक करून वायफाय. एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स. एसीपीआय दिसलं तर बॅटरी आणि पॉवरचा कारभार. संशयित सापडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो तेवढ्यापुरता डिसेबल करा आणि परत ऐका. वायफाय बंद केल्यावर आवाज साफ झाला तर ‘वायफायवर बहिष्कार’ घालायची गरज नाही, त्याचा ड्रायव्हर बदलून बघा, नवा नीट चालत नसेल तर आधीचा पण टाकून बघा, आणि तोवर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवा.

पॉवर सेव्हिंग हा या गटातला दुसरा मोठा गुन्हेगार. काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, आणि त्याला जागं व्हायला लागणारा वेळ साध्या कामात जाणवत नाही. काही लोकांचा अनुभव असतो की रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टकटक होते आणि भरपूर प्लगइन लावले की थांबते, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. लॅपटॉपवर चार्जर लावून, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ किंवा ‘हाय परफॉर्मन्स’ करून बघा. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो ते वेगळं, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळं छान आणि मग तुटायला लागलं तर आधी पंख्याची जाळी साफ करा.

यूएसबी हरवलेलं परत पाठवत नाही

पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादं पाकीट खराब झालं तर ते परत मागवलं जातं, म्हणून फाइल बरोब्बर पोचते, थोडी उशिरा का होईना. ऑडिओसाठी यूएसबी वेगळी पद्धत वापरते, आयसोक्रोनस. हिच्यात वेळ सांभाळायला पहिला मान आहे. पाकीट खराब निघालं तर ते खराब आहे एवढं कळतं, पण परत पाठवलं जात नाही, कारण परत येईपर्यंत त्याची वाजायची वेळ गेलेली असणार. हाय-स्पीड यूएसबीवर पाकिटं १२५ मायक्रोसेकंदांच्या ठेक्याने जातात, म्हणजे ४८,००० ला एका पाकिटात प्रत्येक चॅनलचे जेमतेम ६ सॅम्पल. एक पाकीट गेलं, ६ सॅम्पल गेले, एक बारीक ‘टिक्’ आली. म्हणून जी केबल पेन ड्राइव्हला किंवा प्रिंटरला ‘व्यवस्थित चालते’ ती ऑडिओला चालेलच असं नाही.

केबल लहान आणि धड असावी. यूएसबी २ च्या केबलची मर्यादा ५ मीटर आहे पण तिथवर जाऊच नका, दीड-दोन मीटर खूप झालं. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांना कॅबिनेटच्या आतून एक लांब वायर मदरबोर्डला गेलेली असते आणि ती कोणत्या दर्जाची आहे हे आपल्या हातात नसतं, म्हणून मागचे पोर्ट वापरा, ते थेट मदरबोर्डवर असतात. हब, म्हणजे एका पोर्टचे चार करणारा डबा, काढून टाका, निदान टेस्टपुरता तरी. हबवर इंटरफेसबरोबर हार्ड डिस्क आणि वेबकॅम लटकत असेल तर सगळे मिळून एकच वाट आणि एकच वीज वाटून घेतात. यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे अडीच वॉट देतो, यूएसबी ३ चा ९०० मिलिअ‍ॅम्पिअर. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर द्यायची, वर हेडफोन जोरात वाजवायचे, हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं. ४८ व्होल्टचं बटण दाबलं की त्रास सुरू होतो असं दिसलं तर पॉवर कमी पडतेय, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा इंटरफेसला अडॅप्टर लावायची सोय असेल तर ती वापरा.

विंडोजमध्ये अजून एक आगाऊपणा आहे, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड. वीज वाचवायला रिकामे वाटणारे पोर्ट तो झोपवतो. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची टिक काढा. विंडोजचं यूएसबी काढल्या-लावल्याचं ‘टुंग’ मधूनच वाजत असेल आणि आवाज काही सेकंद जात असेल तर बफरकडे बघू पण नका, पोर्ट, केबल आणि पॉवर एवढंच तपासा.

‘यूएसबी ३ चा किंवा थंडरबोल्टचा (यूएसबीपेक्षा वेगवान जोडणी) इंटरफेस घेतला तर?’ हिशोब करून बघा. २४ बिटचा स्टीरिओ आवाज ४८,००० ला सेकंदाला सुमारे २३ लाख बिट मागतो. यूएसबी २ ची कागदावरची क्षमता ४८ कोटी. अर्धा टक्का पण वापरला जात नाहीये. रस्ता रुंद करून इथे काहीच मिळणार नाही. थंडरबोल्टवाले इंटरफेस कमी लॅटन्सीसाठी लोक घेतात ते ठीक आहे, पण वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसला तर तो थंडरबोल्टला पण अडवणार.

तसंच सॅम्पल रेट ९६,००० केला की क्वालिटी वाढेल आणि त्रास जाईल, ही पण एक समजूत आहे. १२८ च्या बफरची मुदत २.७ वरून १.३ मिलिसेकंदांवर येते आणि प्लगइनचं काम दुप्पट होतं. आवाज तुटत असताना हे करणं म्हणजे त्रास वाढवून घेणं.

घड्याळ लावल्यासारखा ठराविक वेळाने येणारा ‘टक्’

हा प्रकार वेगळा ओळखता आला पाहिजे, कारण याला वरचे कुठलेच उपाय लागू पडत नाहीत. समजा तुम्ही यूएसबी माइकवरून रेकॉर्ड करताय आणि ऐकताय दुसऱ्या इंटरफेसमधून. दोघांची घड्याळं वेगळी. दोघं म्हणतात आम्ही ४८,०००, पण त्यांच्यात दहा लाखात ५० चा फरक आहे असं धरा, असा फरक असू शकतो. म्हणजे सेकंदाला २.४ सॅम्पल इकडे जास्त किंवा तिकडे कमी. २५६ सॅम्पलची टाकी या वेगाने साधारण पावणेदोन मिनिटांत भरून वाहते नाहीतर रिकामी होते. दर पावणेदोन मिनिटांनी एक ‘टक्’, ठरल्यासारखा. बफर दुप्पट केलात तर साडेतीन मिनिटांनी येईल, जाणार नाही.

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे आत आणि बाहेर एकच उपकरण वापरा, यूएसबी माइकला स्वतःचं हेडफोनचं भोक असेल तर त्यातूनच ऐका. मॅकवर दोन उपकरणं जोडून एक ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ करता येतं, तिथे एकाला मुख्य घड्याळ करून दुसऱ्यावर ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची टिक करायची असते आणि ती टिक राहून गेली की हाच ठराविक टक्.

इंटरफेसला बाहेरून ऑप्टिकल केबलने दुसरा प्रीअँप (जास्तीचे माइक लावायचा डबा) लावला असेल तर घड्याळ कोणाचं पाळायचं हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. दोघं ‘इंटरनल’वर असतील तर टकटक ठरलेली. प्रीअँप काढून टाकला पण इंटरफेस अजून बाहेरच्या घड्याळाची वाट बघतोय, असं पण होतं. आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८,०००, प्रोजेक्टमध्ये ४४,१००, मागे ब्राउझर उघडा, ही खिचडी असेल तर आधी सगळीकडे एकच आकडा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

ड्रायव्हरचं थोडं

विंडोजवर कंपनीचा असिओ ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. असिओ म्हणजे स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये काढलेला, विंडोजच्या मधल्या थरांना वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलायचा रस्ता. ‘लावला की चालतो, मग ड्रायव्हर कशाला’ असं वाटतं, कारण २०१७ पासून विंडोज १० मध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबी ऑडिओ उपकरणांसाठी ठरलेलं मानक) चा स्वतःचा ड्रायव्हर आहे आणि आवाज त्यावर येतो खरा. पण छोट्या बफरवर काम करायचं तर कंपनीचा बरा. असिओफोरऑल हे ज्यांच्याकडे कंपनीचा ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठी आहे, असलेल्यांनी ते टाकून उगाच गुंता करू नये. ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये ‘सेफ मोड’ किंवा तसल्या नावाचं काही दिसलं तर चालू करा, लॅटन्सी किंचित वाढते आणि बऱ्याच टिकटिकी जातात.

मॅकला कोअर ऑडिओ ही अ‍ॅपलची स्वतःची आवाजाची यंत्रणा आतच आहे. लिनक्सवाले ड्रॉपआउटला ‘एक्सरन’ म्हणतात आणि पाइपवायर या तिथल्या आवाजाच्या यंत्रणेच्या पीडब्ल्यू-टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये एररचा रकाना बघत बसतात, हे फार सोयीचं आहे कारण कानाच्या भरवशावर राहावं लागत नाही. वेळेची मुदत पाळायला मदत करणारा रिअलटाइमचा पॅच पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून मुख्य कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आलाय.

कधी कधी खरंच तुमचं काही चुकत नाही

‘मॅक घ्या, सगळे प्रश्न सुटतील’ म्हणणाऱ्यांना २०१८ ची मॉडेल्स आठवत असतील. टी२ चिप असलेल्या त्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनीवर यूएसबी ऑडिओ तुटायचा, आणि तारीख-वेळ आपोआप जुळवणं बंद केलं की त्रास कमी होतो असा शोध वापरणाऱ्यांनी लावला होता. मार्च २०१९ मध्ये मॅकओएस १०.१४.४ आलं त्यात अ‍ॅपलने यूएसबी ऑडिओची दुरुस्ती केल्याचं लिहिलं. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या ५०० सिरीज चिपसेटवर यूएसबी मधूनच तुटतं हे कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केलं आणि एप्रिलपासून बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरमधून दुरुस्ती आली. पुढच्याच वर्षी एफटीपीएम नावाच्या सिक्युरिटीच्या भागामुळे अख्खी सिस्टिम अधूनमधून क्षणभर अडखळते हे पण एएमडीने मान्य केलं, तो उपाय मे २०२२ पासूनच्या बायोसमध्ये आहे. जुन्या बायोसवर चालणारा असा एखादा कॉम्प्युटर तुमच्याकडे असेल तर बाकी सगळ्याच्या आधी बायोस अपडेट करा. बफर, केबल, वायफाय सगळं करून थकलेल्यांपैकी काहींचं उत्तर इथे होतं.

मग सुरुवात कुठून करायची

एका वेळी एकच बदल. हे सांगायला सोपं आणि पाळायला भयंकर अवघड आहे, कारण वैतागलेला माणूस एका बैठकीत केबल, पोर्ट, ड्रायव्हर आणि पॉवर प्लॅन सगळंच बदलतो, आवाज नीट होतो, आणि आठवड्याने परत बिघडला की कशाने नीट झाला होता ते माहीत नसतं.

मी आधी बफर ५१२ करून रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच लांब गाणं लावून ठेवतो. साफ वाजलं तर त्रास लोडचा आहे, म्हणजे प्लगइन, कमी बफर वगैरे. तरी तुटलं तर तुटण्याला ठेका आहे का ते ऐकायचं. ठेका असेल तर घड्याळ. ठेका नसेल तर हब काढून, मागच्या पोर्टला, दुसऱ्या केबलने. मग वायफाय आणि ब्लूटूथ बंद करून. मग पॉवर प्लॅन. लॅटन्सीमॉन त्यानंतर, कारण तो वाचायला थोडा सराव लागतो आणि नवखा माणूस त्यातली लाल अक्षरं बघून घाबरतो. क्लाउडवर फाइली चढवणारं काहीतरी आणि अँटिव्हायरसचं स्कॅन मागे चालू नाही ना, ते तर बघायचंच.

एका क्लिकमध्ये विंडोज ‘ऑप्टिमाइझ’ करून देणाऱ्या स्क्रिप्ट टाकू नका. त्या पन्नास गोष्टी एकदम बदलतात, त्यातल्या कोणत्या लागल्या ते कळत नाही आणि परत फिरवता पण येत नाहीत.

आणि इंटरफेसच गेला असेल तर?

तेही होतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी. तोच इंटरफेस, तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून अर्धा तास वाजवा. तिथे साफ वाजला तर डबा निर्दोष आहे. तिथेही तुटला तर केबल बदलून परत, आणि तरी तुटला, किंवा यूएसबीचं सॉकेट जरा हलवलं की तुटतो, तर दुरुस्तीला द्या. कंपनीला मेल करताना ‘आवाज तुटतो’ एवढंच लिहिलं की उत्तरात ‘बफर वाढवून बघा’ एवढंच येतं. त्याऐवजी सॅम्पल रेट, बफर, ड्रायव्हरची आणि फर्मवेअरची (इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर) आवृत्ती, किती वेळाने तुटतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झालं हे लिहा आणि तुटलेल्या जागेचा झूम केलेला फोटो जोडा. एवढं सगळं आधीच हातात मिळालं की पहिले तीन-चार मेल वाचतात.